सोमवारची पोटदुखी: लहान मुलांमधली चिंता ओळखताना

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, उन्हाची तलखी उतरल्यावर जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातली मोठी माणसे पेरणीच्या धावपळीत असतात. बियाणे, खत, पावसाची ओढ आणि सोसायटीचे कर्ज यांत सगळ्यांचे डोके अडकलेले असताना दुसरीतले लेकरू सकाळी अंथरुणातच पोट धरून बसते. "मा, माहं पोट दुखते, मले शाळेत नाही जाचं." आई कपाळाला हात लावून पाहते, तर ताप नसतो. ओव्याचे पाणी दिले जाते, शाळेची वेळ टळते, पोट थांबते आणि दुपारी तेच लेकरू धुऱ्यावरून पळताना दिसते. घरचा निकाल तिथल्या तिथे लागतो: पोट्टं नाटकं करते.

हा निकाल देण्याआधी एक साधे काम करून पाहावे. ज्या दिवशी लेकराचे पोट किंवा डोके दुखले, त्या तारखेवर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलने फुली मारावी आणि शेजारी वेळ लिहावी. तीन-चार आठवड्यांत चित्र दिसू लागते. रविवार कोरे आणि सोमवार फुल्यांनी भरलेले असतील, पोळ्याच्या सुट्टीत एकही फुली नसेल आणि चाचणीच्या आठवड्यात रोज एक असेल, तर त्या दुखण्याचा धागा खाण्यापिण्यापेक्षा कशाच्या तरी भीतीशी जुळलेला असण्याची शक्यता वाढते. मात्र त्यावरून दुखणे खोटे होते असा अर्थ काढू नये. दुखणे खरेच असते, त्याचे मूळ तेवढे दुसरीकडे असते.

धोका जाणवला की मेंदू शरीराला पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज करतो. ॲड्रेनॅलिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदय जोरात धडधडते, श्वास उथळ होतो, आतड्यांकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि पचनाची लय बिघडते. पोटात गोळा येणे, मळमळणे, वारंवार लघवीला लागणे आणि तळहातांना घाम सुटणे हे सारे त्यातूनच होते. वावरात पायाशी साप सळसळला तर आपल्या शरीरात जे घडते, तेच हे. चिंतेच्या विकारात हा गजर साप नसतानाही वाजतो. वर्गात आपले नाव पुकारले जाईल, आई नजरेआड होईल, बाबा अंधार पडला तरी परतणार नाहीत, एवढ्या विचारानेसुद्धा वाजतो. मनात चाललेल्या गोष्टीला नाव देण्याइतके शब्द सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ नसतात, त्यामुळे त्याची भीती शरीरातून बोलते. आपल्याकडची मोठी माणसेदेखील 'जीव घाबरा होते', 'छातीत धडधड होते' असेच सांगतात. मग लेकराने पोट धरले तर त्यालाच नाटक का म्हणावे, हे मला अजून उमगलेले नाही.

भीती हा मुळात आजार नव्हे, ती वाढीचाच एक भाग आहे. साधारण आठ-नऊ महिन्यांचे बाळ अनोळखी माणसाने उचलले की रडते, आई दिसेनाशी झाली की कासावीस होते, आणि हे तीनेक वर्षांपर्यंत हळूहळू ओसरत जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंधार, भूत, विजेचा कडकडाट आणि कुत्री यांची भीती वाटते. शाळेच्या वयात आई-बाबांना काही होईल का, सगळे आपल्याला हसतील का, मरण म्हणजे काय, असल्या काळज्या डोके वर काढतात. काही भीती तर शहाणपणाचीच असते. ताडोबाच्या आसपासच्या गावांत गोठ्यातले वासरू वाघाने नेल्याची बातमी ताजी असताना दिवेलागणीनंतर एकट्याने बाहेर जायला नकार देणारे मूल आजारी नाही, ते सावध आहे, आणि त्याला 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवणाऱ्या मोठ्यांनीच थोडे सावध व्हायला हवे. परंतु तेच मूल भर दुपारी अंगणात उतरायला तयार नसेल, झोपेत किंचाळत असेल आणि आई विहिरीपर्यंत गेली तरी तिचा पदर सोडत नसेल, तर त्याच्या भीतीने खऱ्या धोक्याची हद्द ओलांडलेली आहे.

ही हद्द ओळखण्यासाठी भीती किती मोठी आहे, किती दिवस टिकली आहे आणि कशाच्या आड येते आहे, हे पाहावे लागते. त्यातही शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. शाळा, झोप, जेवण, खेळ आणि नात्यातल्या लोकांकडे जाणे-येणे यांपैकी काही बंद पडत चालले असेल, तर भीतीची किंमत लेकरू चुकवू लागले आहे असे समजावे. डॉक्टरांच्या निकषांनुसार आई-वडिलांपासून दूर होण्याची तीव्र भीती मुलांमध्ये किमान चार आठवडे टिकली तर तिचा विकार म्हणून विचार होतो, आणि सगळ्याच गोष्टींची सतत काळजी करत राहण्याच्या प्रकारात सहा महिन्यांचा काळ धरला जातो. हे आकडे निदानासाठी आहेत. महिनाभर शाळा बुडालेली असताना आणखी पाच महिने वाट पाहत बसावे, असा त्यांचा अर्थ मुळीच नाही.

चिंता नेहमी भीतीच्या रूपात समोर येत नाही. काही मुले घाबरण्याऐवजी चिडतात. सकाळी दप्तर फेकतात, भावंडाला मारतात, आणि घरचे त्यांना हट्टी ठरवतात. काही मुले एकच प्रश्न वीस वेळा विचारतात: तू कधी येशील, गाडी घसरणार तर नाही, वीज आपल्या घरावर पडेल का. काहींचे अक्षर जरा वाकडे आले की खोडरबराने कागद फाटेपर्यंत खोडत राहतात आणि अभ्यास रात्री नऊ वाजताही संपत नाही. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होऊ शकते. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते शांत मुलांकडे. जी मुलगी कधी तक्रार करत नाही, कधी हात वर करत नाही आणि तहान लागली तरी पाणी मागत नाही, तिला वर्गात 'गुणी' म्हटले जाते. तिच्या पोटात दिवसभर गोळा असतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

न बोलण्याविषयी मात्र आपल्या भागात जपून निष्कर्ष काढावा लागतो. घरी मोकळेपणाने बोलणारे मूल शाळेत सलग महिनाभराहून अधिक काळ एक शब्दही काढत नसेल, तर तो चिंतेचाच एक प्रकार असू शकतो; त्यात शाळेचा पहिला महिना धरत नाहीत, कारण तो सगळ्यांनाच जड जातो. पण मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, यवतमाळच्या पोडावरचे कोलामी, गडचिरोलीतले गोंडी किंवा माडिया, तांड्यावरचे गोरमाटी; आणि पहिलीच्या वर्गात त्याच्या कानावर अचानक पुस्तकी मराठी पडते. ते गप्प आहे कारण ते अजून भाषा ऐकून घेत आहे. असे मूल मधल्या सुट्टीत आपल्या भाषेतल्या सवंगड्यांशी किलबिलते. जे तिथेही, स्वतःच्याच भाषेतही, ओठ मिटून उभे राहते, त्याच्याकडे लक्ष द्यावे.

चिंता कुठून येते, याला एकच उत्तर नाही. काही मुले जन्मतःच हळवी असतात, आई किंवा वडील फार चिंताळू असतील तर मुलांमध्येही ती शक्यता वाढते, आणि उरलेले परिस्थिती घडवते. दोन खोल्यांच्या घरात लेकरांपासून काहीच लपत नाही. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसात भिजले, बँकेचा माणूस येऊन गेला, हे सारे ती पांघरुणाखालून ऐकतात आणि आपल्या बुद्धीप्रमाणे जुळवतात. ज्या गावात एखाद्या कास्तकाराने जीव दिला, त्या गावातली इतर घरांतली मुलेही 'आपले बाबा' असा विचार करू लागतात. रात्री दोनदा उठून बाबा झोपलेत ना हे पाहणारे, बाबा वावरात निघाले की शाळा सोडून मागे जाणारे, किंवा फवारणीचे औषध कुठे ठेवले हे पुन्हा पुन्हा विचारणारे लेकरू काय सांगत आहे, ते घरच्यांनी ओळखले पाहिजे. त्याला 'लहान तोंडी मोठा घास' म्हणून गप्प करण्यापेक्षा, कर्ज आहे, ते फेडण्याचे काम मोठ्यांचे आहे, तुझे नाही, असे थोडक्यात आणि खरे सांगावे. औषधाचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवावेत. ते सगळ्यांच्याच भल्याचे आहे. वडील खरोखर खचलेले दिसत असतील, तर लेकराच्या आधी किंवा लेकराबरोबर त्यांनाही मदत मिळाली पाहिजे.

मनाचे कारण शोधण्याच्या नादात शरीराचे कारण निसटू नये. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्या आजारातही मुलांचे पोट, हातपाय आणि सांधे दुखतात. रक्ताक्षयानेही छाती धडधडते आणि थकवा येतो, जंतांनी पोट दुखते, तर लघवीच्या संसर्गाने मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा हिमोग्लोबिन, लघवी आणि सिकलसेल या तपासण्या करून घ्याव्यात. झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त किंवा घटणारे वजन असेल, तर ते चिंतेच्या नावावर अजिबात खपवू नये. आणखी एक शक्यता बोलायला अवघड असली तरी सांगितली पाहिजे: एखाद्याच माणसाजवळ, एखाद्याच घरी किंवा एखाद्याच रस्त्याने जायला मूल अचानक नकार देऊ लागले, तर त्याला कुणी मारते आहे, छळते आहे की नको तिथे हात लावते आहे, हे शांतपणे विचारावे आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवावा. अशा वेळी १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. शाळेतल्या माराबाबत बोलायचे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. छडीला घाबरून घरी बसलेल्या मुलावर उपचार करण्याआधी छडी थांबवावी लागते.

गावात लेकरू दचकू लागले की पहिला विचार नजर लागल्याचा किंवा बाहेरचे काही झाल्याचा येतो. मीठ-मोहरी ओवाळून टाकल्याने काही बिघडत नाही, आणि आजीला त्याने धीर येत असेल तर तिच्याशी वाद घालत बसू नये, कारण पुढे त्याच आजीची मदत लागणार आहे. परंतु भगताकडे तीन अमावास्या घालवणे वेगळे, आणि मेळघाटात लहान बाळांच्या पोटावर तापलेल्या सळईने डाग देण्याचे जे प्रकार घडतात ते तर उघड इजा करणारे आहेत. भ्यालेल्या मुलाला आणखी भिववणारा कोणताही उपाय त्याची भीती वाढवतोच.

आता घरी काय करावे, याचे मर्म एका गोष्टीत आहे: टाळल्याने भीती पोसली जाते. शाळा टळली की पोटदुखी थांबते, आणि त्या क्षणी लेकराचा मेंदू शिकतो की आपण घरी राहिलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी गजर आणखी लवकर आणि आणखी जोरात वाजतो. आई-बाबा प्रेमापोटी त्याच्या वतीने उत्तरे देतात, त्याच्या उशाशी बसून राहतात, पाहुण्यांसमोर त्याला आतल्या खोलीत जाऊ देतात, आणि नकळत त्याच धड्याची उजळणी होते. याउलट लेकराला फरफटत नेऊन वर्गात ढकलून देणेही उपयोगाचे नाही, कारण त्यातून शाळा खरोखरच भयंकर जागा आहे एवढेच सिद्ध होते. मधला मार्ग पायऱ्यांचा आहे.

समजा, सात वर्षांची एक मुलगी आईशिवाय शाळेत थांबत नाही. पहिले दोन-तीन दिवस तिने आजीसोबत फाटकापर्यंत जाऊन हापशीवर पाणी पिऊन परत यावे. मग परिपाठाला उभे राहावे, आजी कडुनिंबाखाली दिसेल अशी बसलेली. त्यानंतर पहिला तास वर्गात, आजी बाहेर; मग खिचडी मिळेपर्यंत, आजी घरी. प्रत्येक पायरीवर भीती थोडी चढते आणि काही वेळाने आपोआप उतरते, आणि ती उतरते हा अनुभव मुलीला स्वतःला यायला हवा, कारण कुणी हजार वेळा सांगूनही तो येत नाही. म्हणून भीती शिगेला असताना पळ काढू देऊ नये. जरा ओसरेपर्यंत थांबून मग निघावे. पायरी फार उंच वाटली तर तिचे दोन भाग करावेत, पण पूर्ण खाली उतरू नये. बाईंना किंवा गुरुजींना आधी विश्वासात घ्यावे, म्हणजे त्या दिवसांत ते तिला अचानक फळ्यासमोर उभे करणार नाहीत.

शब्दही जपून वापरावे लागतात. 'त्यात काय भ्यायचे' असे म्हटले की लेकराला एवढेच कळते की आपले कुणाला समजत नाही. 'तुला भेव लागते हे मला कळते, आणि तरी तू परिपाठापर्यंत थांबू शकशील' या वाक्यात दोन्ही गोष्टी येतात. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला तर एकदा नीट उत्तर द्यावे आणि नंतर 'याचे उत्तर तुला ठाऊक आहे' असे हसून म्हणावे. सर्वांत वाईट सवय म्हणजे लेकराची नजर चुकवून वावरात किंवा बाजाराला निघून जाणे. त्यामुळे ते पुढे क्षणभरही नजर हटवत नाही. निरोप घ्यावा, तो छोटा असावा आणि परतण्याची वेळ सांगितली असेल तर ती पाळावी. छाती धडधडू लागली की चूल पेटवताना फुंकणीतून हळू, लांब फुंकर घालतो तसा श्वास सोडायला शिकवावे. लांबलेल्या उच्छ्वासाने शरीराचा वेग उतरतो, आणि ही सवय शांत असताना खेळाखेळात लावलेली असेल तरच ऐन वेळी आठवते.

एवढे करूनही दोन-चार आठवड्यांत फरक नसेल, किंवा शाळा पूर्ण सुटली असेल, तर बाहेरची मदत घ्यावी, आणि ती वाटते तितकी लांब नाही. गावातल्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. ते पथक प्रामुख्याने शरीराचे आजार आणि विकासातील अडथळे तपासते, पण आपण चिंतेबद्दल बोललो तर पुढे पाठवण्याची चिठ्ठी देऊ शकते. आपण होऊन बोलावे लागते, कारण रांगेत उभ्या असलेल्या गुणी मुलीची धडधड वजनकाट्यावर दिसत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची सेवा मिळते. त्यापुढे यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया आणि नागपूर इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, सेवाग्रामचे रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. तरी एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हा खर्च राहतोच, म्हणून आधी फोनवर बोलून घेणे शहाणपणाचे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, मोफत बोलता येते, आणि मुलाच्या वतीने आई-वडिलांनी फोन केला तरी चालतो. मूल मरणाविषयी बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा त्याने खाणेपिणे सोडले, तर फोनवरच थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

'वेड्याच्या डॉक्टरकडे नेले' असे गावात झाले तर पोरीचे लग्न कसे होईल, ही धास्ती अनेक आयांना असते, मुलगी सात वर्षांची असली तरीही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि तिथे जाऊन प्रत्यक्षात होते ते बोलणेच. डॉक्टर किंवा समुपदेशक आई-वडिलांना आणि मुलाला वेगवेगळे प्रश्न विचारतात, लहान मुलाला चित्र काढायला किंवा खेळायला देतात आणि घरी करायच्या पायऱ्या आखून देतात. या पद्धतीला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात आणि लहान मुलांच्या चिंतेवर पहिला भर तिच्यावरच असतो. फुल्यांची दिनदर्शिका सोबत न्यावी. दहा मिनिटांच्या भेटीत तिच्याइतके नेमके कुणालाच सांगता येत नाही. गोळ्या सरसकट दिल्या जात नाहीत. चिंता फार तीव्र असेल तर तज्ज्ञ त्या लहान मात्रेत सुरू करतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करायच्या नसतात. मेडिकलच्या दुकानातून शेजाऱ्याची झोपेची गोळी आणून अर्धी लेकराला देण्याचा प्रकार मात्र धोकादायक आहे.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. पायऱ्या चढून वर्गात रुळलेली मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा पोट धरून बसते, आणि घरच्यांना वाटते की सगळे पाण्यात गेले. मोठ्या सुट्टीनंतर असे घडणे नेहमीचेच आहे. अशा वेळी दोन पायऱ्या खाली येऊन पुन्हा चढायला लागावे, या खेपेला वेळ कमी लागतो. उन्हाळा तर फारच लांब असतो. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधीच, संध्याकाळी ऊन उतरले की, आजीने आणि नातीने बंद फाटकापर्यंत एक फेरी मारून हापशीवर पाणी पिऊन यायला सुरुवात करावी.